लर्निंगचे सहा महिने: बडोद्यातल्या मुलांचं पहिलं लायसन

दहावीचा निकाल लागला की बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत हा विषय निघतो. घर दांडिया बाजारात, क्लास अलकापुरीला, आई-बाबा दोघंही कामावर. मग शेजारचे काका सांगतात, "सोळा पूर्ण झाली ना? विनागिअरचं लायसन मिळतं. ॲक्टिव्हा देऊन टाका." आणि खरोखरच गाडी दिली जाते.

काकांचा गैरसमज नेमका कुठे होतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या चौथ्या कलमात गाडी चालवण्याचं वय १८ दिलं आहे. पुढे एक सवलत आहे: वयाची १६ वर्षं पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते. सातव्या कलमात असंही आहे की १८ वर्षांखालच्या मुलाला विनागिअर दुचाकीचं लर्निंग लायसन हवं असेल तर पालकांची लेखी संमती लागते. लोकांच्या लक्षात "विनागिअर" राहिलं, "५० सीसी" विसरलं. एके काळी घरोघरी लुना होती तेव्हा हा घोळ चालून जायचा, कारण लुना ५० सीसीच्या आतली होती. आज रस्त्यावर दिसणारी ॲक्टिव्हा ११० सीसीच्या आसपासची आणि ॲक्सेस जवळपास १२५ सीसीची आहे. शोरूममध्ये ५० सीसीची पेट्रोल स्कूटर शोधूनही सहसा मिळत नाही. त्यामुळे सोळाव्या वर्षीचं ते लायसन कायद्याने मिळतं, पण त्यावर चालवायला गाडी नसते. ते लायसन खिशात ठेवून ॲक्टिव्हा चालवणारा मुलगा कायद्याच्या नजरेत विनालायसनच असतो.

याचा हिशेब पालकांनी नीट समजून घ्यायला हवा, कारण तो मुलाच्या नव्हे, पालकांच्या नावावर चढतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन नाही. या कलमात एक सूट आहे. मुलाकडे लर्निंग लायसन असेल आणि तो त्याच लायसनमध्ये बसणारी गाडी चालवत असेल, तर हे कलम लागत नाही. सोळाव्या वर्षीचं ५० सीसीचं लर्निंग मात्र ॲक्टिव्हाला लागू होत नाही, म्हणून ही सूटही मिळत नाही.

विम्याचंही तेच. विनालायसन मुलाच्या हातून कोणाला धडक बसली, तर बहुतेक वेळा अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी जखमीची भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. जखमी माणसावर अन्याय होत नाही, ते बरंच आहे. पण ती रक्कम शेवटी तुमच्याच घरातून जाते.

"मग इलेक्ट्रिक घेऊ" हा पुढचा प्रश्न. मोटरची ताकद २५० वॉटच्या आत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशी मान्यताप्राप्त गाडी कायद्याने मोटार वाहनात मोजली जात नाही. तिला नंबर नाही, लायसनही लागत नाही. क्लासला जायला ती पुरते. मात्र काही दुकानदार "नंतर स्पीड खोलून देतो" असं सांगतात. वेग वाढवला त्याच क्षणी ती नोंदणी लागणारी साधी गाडी होते, आणि तीही नोंदणी न केलेली. विकत घेताना मॉडेलचं मान्यतेचं प्रमाणपत्र मागा आणि स्पीड खोलून घेऊ नका.

म्हणजे खरी सुरुवात अठराव्या वाढदिवसाला. त्या दिवशी अर्ज भरता येतो, आदल्या दिवशी नाही.

अर्ज: वेळ खातं ते नाव

अर्ज सारथी या सरकारी पोर्टलवर भरायचा. राज्य म्हणून गुजरात निवडायचं, मग लर्निंग लायसन. गाडीचे प्रकार तिथेच ठरवायचे असतात. गिअरवाली दुचाकी निवडली की विनागिअर तिच्यातच येते, म्हणून मोटारसायकल शिकायची असेल तर विनागिअर वेगळी घेऊ नका. घरी फक्त स्कूटर असेल आणि पुढेही स्कूटरच चालवायची असेल, तर विनागिअर पुरे. कारसाठी एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन. दुचाकी आणि कार एकदमच घेतल्या तर फेऱ्या वाचतात, पण दोन्हींचा सराव एकाच वेळी होईल का, हा विचार आधी करा.

केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगची फी गाडीच्या प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. पक्क्या लायसनच्या वेळी प्रत्येक प्रकाराच्या चाचणीचे ३०० आणि लायसन देण्याचे २०० रुपये. दुचाकी आणि कार दोन्ही घेतल्या तर आधी ३५०, नंतर ८०० रुपये. त्यावर राज्याचे सेवाशुल्क वगैरे थोडं लागतं. एजंटने रक्कम सांगितली की हे आकडे समोर ठेवा. उरलेले पैसे त्याच्या मेहनतीचे आहेत, आणि ती मेहनत बहुतेक मुलं स्वतः मोबाइलवर करू शकतात.

कागद कमीच लागतात: वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला किंवा पासपोर्ट; पत्त्यासाठी आधार किंवा पासपोर्ट. बडोद्यातल्या मराठी मुलांची अडचण कागदांपेक्षा नावात असते. गुजरातमधल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. दाखल्यावर वडील "मनोहरराव", आधारवर नुसते "मनोहर". गायकवाड हे एकच आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि एकाच घरातल्या दोन कागदांवर दोन्ही तऱ्हा सापडतात. अर्ज अडकतो तो इथे. म्हणून वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधी दाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. लायसनवर एकदा चुकीचं नाव छापलं, की पुढे पासपोर्टच्या वेळी तीच चूक पुन्हा समोर उभी राहते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही त्याच बैठकीत बघा; ओटीपी त्याच नंबरावर येतो.

अर्जासोबत फॉर्म १ असतो, म्हणजे आपल्या तब्येतीबद्दलचं स्वतःचं निवेदन. सगळे डोळे मिटून बरोबरच्या खुणा करून मोकळे होतात. कृपा करून हा फॉर्म वाचा. फीट येते का, चक्कर येऊन शुद्ध हरपते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, रात्री कमी दिसतं का, असे प्रश्न त्यात आहेत. एक प्रश्न असा की स्वच्छ उजेडात २५ मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, चष्मा असेल तर चष्मा लावून. हे घरच्या घरी करून बघा. साधारण पस्तीस पावलं मोजा, समोर उभ्या असलेल्या कारचा नंबर मुलाला वाचायला सांगा. बरीच मुलं इथे अडखळतात आणि चष्म्याचा नंबर वाढलाय हे घरच्यांना तेव्हा कळतं.

लर्निंगची परीक्षा

गुजरातमध्ये २०१९ पासून ही परीक्षा आयटीआयमध्ये देण्याची सोय झाली, त्यामुळे एवढ्यासाठी आरटीओपर्यंत जावं लागत नाही. अर्ज करताना पोर्टल जे केंद्र आणि जी तारीख दाखवेल ती निवडायची. पडद्यावर पंधरा प्रश्न येतात, प्रत्येकाला ४८ सेकंद. केंद्रीय नियमाप्रमाणे किमान ६० टक्के उत्तरं बरोबर हवीत, पण घरी सराव करताना पंधरापैकी तेरा येईपर्यंत थांबू नका. भाषा अर्जातच निवडायची असते. घरी मराठी बोलत असलात तरी शाळा ज्या माध्यमात झाली तीच भाषा घ्या, कारण "ओव्हरटेक", "डावी बाजू", "अग्रक्रम" हे शब्द घड्याळ चालू असताना पटकन कळायला हवेत.

सगळ्यात जास्त चुका चिन्हांमध्ये होतात. पाठ करण्यापेक्षा आकार समजून घ्या. लाल काठाचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा. निळा गोल म्हणजे हे करायलाच हवं. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे पुढे काय आहे याची सूचना. निळा चौकोन म्हणजे माहिती. उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या आणि अष्टकोन म्हणजे थांबा. आकार ओळखला की अर्धी उत्तरं आपोआप गळतात.

एक प्रश्न बडोद्याच्या मुलांनी खास समजून घ्यावा: सर्कलवर आधी कोण? कालाघोडा सर्कलवर पाच मिनिटं उभे राहिलात तर वाटेल की ज्याचा हॉर्न मोठा तो आधी. नियम असा की सर्कलमध्ये आधीच फिरत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. आणि सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी. परीक्षेत हे एका खुणेचं काम आहे. रस्त्यावर पाळायला धीर लागतो, कारण मागचा हॉर्न वाजवत राहतो.

लर्निंग म्हणजे अर्धं लायसन नव्हे

लर्निंग लायसनची मुदत सहा महिने. हातात आल्यापासून तीस दिवस झाले की पक्क्या लायसनची चाचणी देता येते. मधल्या काळात काय करायचं याचे नियम स्पष्ट आहेत, पण ते सांगायला कोणी बसत नाही. त्यामुळे मुलं लर्निंग मिळालं की मित्राला मागे बसवून थेट सयाजीबागेला निघतात.

पहिला नियम: बरोबर शिकवणारा हवा, त्याच्याकडे त्याच प्रकारच्या गाडीचं चालू लायसन हवं, आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. कारमध्ये म्हणजे शेजारच्या सीटवर, हँडब्रेक हाताशी येईल असा. मागच्या सीटवर बसून "सावकाश रे" म्हणणारे मामा यात मोजले जात नाहीत. दुचाकीवर मागे फक्त शिकवणाराच बसू शकतो, दुसरं कोणीही नाही. दुसरा नियम: गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल "एल". पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. लाल टेपच्या दोन पट्ट्या चिकटवल्या तरी चालतात, फक्त माप पाळा. या पाटीने मागचे जरा अंतर ठेवतात, आणि नवशिक्याला हवं असतं ते एवढंच.

"मैदानात शिकवतोय, तिथे कशाला लर्निंग?" हेही बरोबर नाही. लोकांना जायला मोकळीक असलेली कुठलीही जागा कायद्याने सार्वजनिक जागा आहे, रस्ता असो वा मैदान. लर्निंग हातात येण्याआधी तिथेही चावी द्यायची नाही.

आता सराव. मैदानात दोन पाण्याच्या बाटल्या सात-आठ पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढा. पाय न टेकता सलग दहा आठ झाले की बाटल्या एक पाऊल जवळ आणा. नवखा मुलगा इथे हमखास पुढच्या चाकाकडे बघतो, आणि नजर जिथे तिथे गाडी, म्हणून तो बाटलीवरच जाऊन आदळतो. मान वळवून, पुढे जिथे जायचंय तिथे बघायला शिकवा. दुसरी चूक म्हणजे वळणात ॲक्सिलरेटर पूर्ण सोडणं. वेग गेला की तोल जातो आणि पाय खाली येतो. ॲक्सिलरेटर किंचित दिलेला ठेवायचा आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. स्कूटरवर डावा ब्रेक म्हणजे मागचा, असं आपण म्हणतो. पण २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरवर डावा लिव्हर दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. म्हणून वळणात तो दाबायचा नाही, दोन बोटांनी नुसता टेकवून धरायचा. गिअरच्या गाडीवर उजव्या पायाचा ब्रेक आणि अर्धवट सोडलेला क्लच, या दोघांवर सगळा आठ पार पडतो.

मग रस्ता. सुरुवातीला रविवारी सकाळी सातच्या आत, रुंद आणि रिकाम्या रस्त्यावर. मांडवी, न्यायमंदिर, रावपुरा हे सगळं शेवटी. तिथे गाय, हातगाडी, रिक्षा आणि उलट्या दिशेने येणारा एकाच वेळी समोर येतात, आणि नवशिक्याचं डोकं एका वेळी एकच गोष्ट सांभाळू शकतं. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी भरलं असेल तर फिरून जायचं. हे पहिल्याच पावसात, मूल बरोबर असताना सांगा.

हेल्मेट आयएसआय खुणेचं, डोक्याच्या मापाचं, पट्टा लावलेलं. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचतं.

कारसाठी ड्रायव्हिंग स्कूल लावणार असाल तर एक प्रश्न विचारा: प्रत्यक्ष स्टीअरिंग हातात किती तास? केंद्रीय नियमांत खासगी गाडीच्या शिकाऊंसाठी किमान २१ दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात किमान दहा तास प्रत्यक्ष चालवणं आहे. एका गाडीत तीन मुलं बसवून तासभर फिरवलं तर तुमच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. २१ दिवसांत सातच तास होतात. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि ब्रेक असतो, हा स्कूलचा मोठा फायदा. पण तोच सतत ब्रेक मारत असेल तर मूल शिकत नाही, प्रवास करतं.

दरजीपुऱ्याचा ट्रॅक

पक्क्या लायसनची चाचणी आरटीओत, दरजीपुऱ्याला, हायवेलगत. स्लॉट ऑनलाइन घ्यायचा. बोर्डाच्या परीक्षा संपल्या की उन्हाळ्यात गर्दी उसळते, म्हणून तीस दिवस पूर्ण होतील त्याच सुमारास तारीख मिळेल असं बघा. गाडी आपली किंवा स्कूलची, पण तिची आरसी (नोंदणीपत्र), विमा आणि पीयूसी (प्रदूषणाचं प्रमाणपत्र) चालू हवेत. पीयूसी संपलेली गाडी घेऊन गेलेलं मूल चाचणी न देताच परत येतं, आणि यात त्याची काहीच चूक नसते.

तिथवर गाडी मुलाने एकट्याने चालवत न्यायची नाही. त्याच्याकडे अजून लर्निंगच आहे आणि रस्त्यावर ट्रक आहेत. बाबांनी गाडी न्यावी, मुलाने मागे बसावं.

बडोद्यातला ट्रॅक ऑटोमॅटिक आहे. सेन्सर आणि कॅमेरे टिपतात, माणूस गुण देत नाही. त्यामुळे "साहेब, जरासाच पाय टेकला" याला तिथे अर्थ नाही. दुचाकीसाठी अरुंद वळणाचा मार्ग, पाय न टेकता, रेषेबाहेर न जाता. बाटल्यांच्या आठात जो तयार झाला त्याला हे सोपं जातं. वेग चालण्याइतका ठेवा. घाईने येणारे पहिल्याच वळणात बाहेर फेकले जातात.

कारमध्ये बहुतेक मुलं दोन ठिकाणी अडतात. एक रिव्हर्स पार्किंग. आरशात बघायची सवय नसते, मूल मान मागे टाकून बघतं, तेवढ्यात स्टीअरिंग उशिरा फिरतं आणि गाडी खांबाला लागते. घरी दोन बादल्या ठेवून सराव करताना तीन गोष्टी ठरवून घ्या: आरशात काय दिसलं की स्टीअरिंग पूर्ण फिरवायचं, काय दिसलं की सरळ करायचं, आणि कुठे थांबायचं. खुणा पक्क्या झाल्या की घाबरायला होत नाही. मात्र ज्या गाडीत चाचणी देणार त्याच गाडीत सराव करा. स्विफ्टच्या खुणा ईकोला लागू पडत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे चढ. थांबून पुन्हा निघताना गाडी मागे घसरायला नको. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, क्लच सावकाश सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक किंचित उठतं. तिथे क्लच थांबवा, ॲक्सिलरेटर थोडा द्या, मग हँडब्रेक सोडा. गाडी आपणहून पुढे सरकते. घाईत हँडब्रेक आधी सोडला की मागे जाते, क्लच एकदम सोडला की बंद पडते. हा आवाज कानाने ओळखायचा असतो. जुन्या शहरात वर्दळ असल्याने, पार्किंगच्या रिकाम्या उतारावर पंचवीस-तीस वेळा हेच करा.

सीटबेल्ट आणि इंडिकेटर विसरू नका. सगळं नीट करून एवढ्यावरून नापास होणारी मुलं असतात.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं आणि पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं. इथे सहा महिन्यांचा हिशेब महत्त्वाचा. पाचव्या महिन्यात पहिली चाचणी देणारा एकदा नापास झाला, पुढचा स्लॉट लांबला, की लर्निंग संपतं. त्याला मुदतवाढ नसते. नवा अर्ज, नवी परीक्षा, पुन्हा तीस दिवस. दुसऱ्या महिन्यात चाचणी देणाऱ्याला चूक करायला जागा राहते.

पास झाल्यावर कार्ड पोस्टाने येतं. जुन्या शहरातला पत्ता पूर्ण लिहा: पोळ (गल्ली), वाडा, मजला, जवळची खूण. नाहीतर पोस्टमन दारात सापडत नाही म्हणून पाकीट परत नेतो. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवरचं लायसन तितकंच वैध आहे. अठराव्या वर्षी घेतलेलं हे लायसन वयाच्या चाळीस वर्षांपर्यंत चालतं. आत्ता फक्त दुचाकी घेतली आणि नंतर कार हवी झाली, तर तो प्रकार त्याच लायसनवर वाढवता येतो; केंद्रीय फी ५०० रुपये, पण कारचं लर्निंग वेगळं घ्यावं लागतं आणि त्याचेही तीस दिवस मोजावे लागतात.